कातळवाडीची नर्सबाई

लक्ष्मीपुरीतल्या भांड्यांच्या दुकानापुढं संघप्रिया कुकरची रिंग घ्यायला उभी होती. मागून कुणीतरी मोठ्यानं हाक मारली, "ओ नर्सबाई!" आणि ती सबंध अंगानं वळली. नुसती मान नाही; खांदे, कंबर, पाय सगळं एकदमच फिरलं. हातातलं काम टाकून पूर्वी फिरायची तसं. वळून झाल्यावर तिला कळलं, की या हाकेला ओ द्यायची सवय अजून अंगातून गेलेली नाही. खरं तर आता तिला असं कुणी हाक मारतच नव्हतं. नर्सांच्या प्रशिक्षण केंद्रात ती कांबळे मॅडम होती, अपार्टमेंटमध्ये संघप्रियावहिनी, मंडईत ताई नाहीतर मावशी. नर्सबाई ती शेवटची होती शहाण्णव साली, आणि आता दोन हजार चारचा फेब्रुवारी चालला होता. समोर डोक्याला लाल फेटा, खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा उभा होता आणि रिक्षावाल्यांच्या हॉर्नला न जुमानता रस्त्याच्या मधोमध उभं राहून हसत होता.

"वळखलासा न्हवं? मी पिराजी. कातळवाडीचा. वरल्या धनगरवाड्यावरचा."

"पिराजीदादा! अहो, केवढे म्हातारे झालात!"

"मग तुमी काय पोरसवदा ऱ्हायलाय व्हय?" तो म्हणाला आणि दुकानदारासकट सगळे हसले.

भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून तो कोल्हापुरात आला होता. मालकीण कशी आहे, असं तिनं विचारलं. "हाय की. दात गेल्यात, बडबड न्हाय गेली." मग कोण मेलं, कुणाची पोरगी कुठं दिली, खालच्या विहिरीला आता मोटार बसली, असं सगळं त्यानं उभ्याउभ्या सांगितलं. आणि निघता निघता, जणू हेच सांगायचं राहून गेलं होतं अशा आवाजात म्हणाला, "नवी बाई बी चांगली हाय वो. गुणाची पोरगी. पर मिटली."

"मिटली म्हणजे?"

"बोलत न्हाय. गोळी देती, इंजेक्शान देती आन दार लावून घेती. धोंडुबाईची सून गेल्यापास्नं. आता बदली करून जाणार म्हंत्यात." त्यानं खांद्यावरचं घोंगडं सावरलं. "तुमीबी रडत हुतासा की पयलं. पर तुमचं रडणं आमास्नी ऐकू तरी यायचं."

तो गर्दीत शिरला. त्याचा फेटा बराच वेळ दिसत राहिला. घरी आल्यावर पिशवीत रिंग नव्हती.

संध्याकाळी प्रसेनजीत, तिचा नवरा, कॉलेजातून आला. बिनशिट्टीचा भात त्यानं गुमान खाल्ला आणि मग विचारलं, "काय झालंय?" ती म्हणाली, काही नाही, कातळवाडीचा एक माणूस भेटला. ज्या काळात ती तिथं होती त्या काळात तो वारणानगरला नोकरीत होता, लहानगी मुलगी इचलकरंजीत आजीकडं, आणि ही डोंगरात. तीन ठिकाणी तीन चुली. दर सुट्टीला भेटल्यावर ती त्याच्या शर्टाला तोंड लावून म्हणायची, मला तिथून काढ. आणि आता या राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावर, नळाला पाणी, हाताला गॅस, मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला, असं सगळं जागच्या जागी असताना तिला खिडकीशी उभं राहून कशाची ओढ लागते, हे तिला त्याला सांगता आलं नसतं. तिला स्वतःलाही ते धड कळत नव्हतं. जिथून पळून जायला जीव तडफडत होता, तिथं जीव परत कसा जातो? आणि गेला तरी नेमका कुठं जातो? त्या पत्र्याच्या खोलीत? त्या वाऱ्यात? का त्या मुलीत, जी पत्र्याची पेटी घेऊन फाट्यावर उतरली होती?

ती उतरली होती एक्क्याण्णव साली. गगनबावड्याच्या रस्त्याला डावीकडं एक कच्ची वाट फुटते, ती संपते तिथं कातळवाडी, आणि वाडीच्या वर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, धनगरवाडे. वाडीच्या टोकाला दोन खोल्यांचं उपकेंद्र. पुढच्या खोलीत टेबल, मागच्या खोलीत नर्स. संघप्रिया इचलकरंजीच्या मागकामगाराची मुलगी. भिंतीपलीकडं यंत्रमाग खडखडत असायचे, दिवसपाळी, रातपाळी. त्या आवाजात ती जन्मली, शिकली, झोपली. इचलकरंजीत वीज जाऊन माग थांबले की झोपलेली माणसं दचकून उठतात. कातळवाडीत तर काहीच खडखडत नव्हतं. तिथली शांतता तिच्या छातीवर येऊन बसायची. त्यात गावानं पहिल्या आठवड्यातच आडनाव विचारून घेतलं होतं. औषध घ्यायला बायका यायच्या, पोरांना टोचून घ्यायच्या, पण ती कुणाच्या घरी गेली तर पाणी विचारलं जायचं नाही. कुणी वाईट बोलायचं नाही. नुसतं पाणी विचारायचं विसरायचे. वरचे धनगर तेवढे तांब्या पुढं करायचे, आणि पिराजीची बायको तर ताकाचा तांब्या तोंडाला लावेपर्यंत सोडायची नाही. तरीही धनगरवाडा दूर होता आणि तिची खोली वाडीत होती. अंगात ताप असल्यासारखी ती दिवस काढत होती.

आणि मग एक दिवस आक्काताई आल्या. आक्काताई चौगुले, तिच्यावरच्या सुपरवायझर. शिरोळकडच्या शेतकरी घरातली थोराड बाई, दम्याचा त्रास, चढाला चपला हातात घेऊन चालायची सवय. संघप्रियानं घाईघाईनं रजिस्टरं टेबलावर मांडली, लसीचा डबा पुसला, पांढऱ्या साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. आक्काताईंनी रजिस्टरांकडं बघितलंसुद्धा नाही. खुर्चीवर बसून दम खाल्ला, पाणी मागितलं, तिच्याच माठातलं तिच्याच पेल्यानं घटाघटा प्यायलं आणि विचारलं, "झोप लागती का गं?"

हा प्रश्न तिला तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता, आईनंसुद्धा नाही. संघप्रियाच्या तोंडून एकदम निघून गेलं, "न्हाय लागत बाई. मागांचा आवाज न्हाय इथं." आणि ती शरमली. आक्काताई हसल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "रेडिओ हाय न्हवं? मग स्टेशन नको लावूस. मधली खरखर लाव." तो उपाय वेड्यासारखा होता आणि तो लागू पडला. त्या खरखरीत तिला पुन्हा माग ऐकू आले आणि ती झोपायला लागली. त्या दिवशी जेवताना आक्काताईंनी पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं, "आमटीत मीठ न्हाय की गं." शेजारच्या दोन बायका दारातून हे बघत होत्या. चौगुल्यांची बाई कांबळ्यांच्या पोरीच्या हातचं खाते, हे बघायला आल्या होत्या. त्यांना ऐकायला मिळालं ते मिठाचं. आक्काताई त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. उलट दर खेपेला कशाला ना कशाला नावं ठेवायच्या. भाकरी जाड झाली. ठेच्यात लसूण कच्चा राहिला. संघप्रिया चिडायची आणि पुढच्या खेपेला जीव ओतून रांधायची. जेवण झाल्यावर मग रजिस्टरं निघायची, त्यातली प्रत्येक चूक निघायची, आणि चूक निघताना आक्काताईंचा आवाज मिठाबद्दल बोलताना असायचा तसाच असायचा. बाळंतपणं ती शिकली होती नर्सिंग शाळेत, पण करता येऊ लागली आक्काताई शेजारी उभ्या राहिल्यामुळं. बाळ अडलं की संघप्रिया त्यांच्याकडं बघायची. त्या मुद्दाम खिडकीबाहेर बघत उभ्या असायच्या.

शहाण्णवला तिनं बदली मागितली तेव्हा आक्काताईंनी सही केली. म्हणाल्या, "जा. पोरीला आई पाहिजे." दोन वर्षांनी त्या रिटायर होऊन गावी गेल्या. जायचं, भेटायचं, असं म्हणता म्हणता दोन हजार एक साल आलं, आणि एका लग्नात, पंगतीत वाढणाऱ्या कुणीतरी सहज सांगितलं, की चौगुलेबाई गेल्या की मागच्या महिन्यात. संघप्रियाच्या पानात तेव्हा जिलेबी पडत होती. ती खाल्ली तिनं. पंगतीतून उठता आलं नाही. त्या जिलेबीची चव अजून जिभेवर कुठंतरी होती आणि ती गोड नव्हती.

पिराजी भेटल्यानंतर दोन-चार दिवसांतच डॉक्टर उदयसिंहांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या नर्सांच्या नेमणुका त्यांच्या हातात होत्या. माणूस वाईट नव्हता, सतत घाईत असायचा. "कांबळे मॅडम, ती कातळवाडीची निशिगंधा. तुमच्याच बॅचची ना?" तिच्याच हाताखाली शिकलेली होती. कोडोलीची, शेतकऱ्याच्या घरातली, वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी. "बदली मागतेय. एकदा ती जागा मोकळी झाली की वर्ष वर्ष कुणी जात नाही हो तिथं. तुमचं ऐकेल ती. एकदा जाऊन समजूत काढा. तुम्ही स्वतः राहिलाय तिथं, तुमचं उदाहरणच पुरेसं आहे."

संघप्रियाला त्या वाक्याचा राग आला आणि त्याच वेळी अंगातून एक आनंद सरकत गेला, की आपण तिकडं जाणार. घरी येऊन तिनं आधी कपाटातून जुनी चप्पल काढली, चढाला बरी पडेल अशी. प्रसेनजीत म्हणाला, "जीप देणार का ऑफिसची?" ती म्हणाली, "एसटीनं जाते." तो म्हणाला, "जा. पण त्या पोरीकडं जा. स्वतःकडं नको जाऊस." प्रसेनजीत असं क्वचितच बोलायचा. त्यामुळं ते तिला सबंध प्रवासात टोचत राहिलं.

गाडी बालिंग्याचा पूल ओलांडून कळे गावाकडं निघाली. उसाच्या तोडी चालल्या होत्या, गुऱ्हाळांचा गोडूस धूर खिडकीतून आत येत होता, आणि संघप्रियाला आठ वर्षं न आलेली भूक लागत चालली होती. हे वळण, आता शाळा येईल, आता तो वाकडा जांभूळ. शाळा आली. जांभूळ नव्हता. फाट्यावर उतरली तेव्हा गाडी निघून गेल्यावरची ती शांतता पुन्हा छातीवर आली, पण आता ती जुन्या ओळखीच्या माणसानं गळ्यात पडावं तशी. कच्च्या वाटेवर अर्ध्यापर्यंत डांबर पडलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर चढताना ती मनाशी वाक्यं जुळवत होती. निशिगंधा, बघ, मीही रडले होते. निशिगंधा, पहिली दोन वर्षंच जड जातात. निशिगंधा, ही जागा सोडून गेलीस तर जन्मभर. तिथं ती थांबली. जन्मभर काय? जन्मभर माझ्यासारखी खिडकीशी उभी राहशील? हे त्या पोरीला सांगायचं होतं, की स्वतःला?

निशिगंधा दारात आली. वर्गातली ती मुलगी ही नव्हेच, असं वाटण्याइतकी वाळली होती. तिनं वाकून नमस्कार केला, आत गेली आणि लगबगीनं एकेक रजिस्टर आणून टेबलावर मांडायला लागली. लसीकरण, गरोदर माता, जन्म, मृत्यू. मृत्यूचं ठेवताना तिचा हात जरा थांबला.

"ते राहू दे," संघप्रिया म्हणाली. "पाणी दे आधी."

पाणी पिताना तिनं खोली बघितली. पत्र्याच्या जागी आता सिमेंटचा स्लॅब होता, भिंतीला निळा रंग होता. आपली खोली ती शोधत होती आणि ती इथं नव्हती.

"मॅडम, तुम्ही मला समजवायलाच आलाय न्हवं?" निशिगंधा उभीच होती. "उदयसिंहसरांनी पाठवलंय. मला माहीत हाय. तुम्ही सांगणार, मी ऐकणार, आणि परत गेल्यावर तुम्ही लिहिणार, समजूत काढली. आधी पण तिघंजण येऊन गेले. एकानं विचारलं, पेशंट किती वाजता आली. एकानं विचारलं, किती वाजता रेफर केली. एकानं विचारलं, जीपला एवढा वेळ का लागला. लिहून घेऊन गेले. माझी चूक नाही, असं पण लिहिलं शेवटी. वाचून दाखवलं मला. पण..." तिनं भिंतीला पाठ टेकली. "पण कुणी बसलं न्हाय मॅडम. उभ्याउभ्याच आले सगळे."

संघप्रिया खुर्चीवर होती. जुळवून आणलेली वाक्यं कुठं गेली कळलं नाही. तिनं विचारलं, "काय झालं ते सांगशील? मला लिहायचं नाहीये."

मग निशिगंधानं सांगितलं. श्रावणात धोंडुबाईची सून आली. पहिलटकरीण. बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली, रडली. वार पडली आणि मग रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, गर्भाची पिशवी आवळून धरली, सलाइन लावलं, पोरगा पाठवून जीप मागवली. ओढ्याला पाणी होतं, जीप पलीकडंच अडली, बायांनी झोळीत घालून तिला पलीकडं नेली. "मी तिचं पोट धरून बसले होते मॅडम. हात सोडला नाही. जीपमध्ये पण न्हाय. ती म्हणाली, बाई, थंडी वाजतीया. मी म्हटलं, आता येईल दवाखाना. कळ्याच्या अलीकडं..." तिचे दोन्ही हात अजून काहीतरी आवळून धरल्यासारखे मिटले होते, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"आणि त्यानंतर? त्यांच्या घरी गेलीस?"

"न्हाय." ती एकदम म्हणाली. "कोणत्या तोंडानं जाऊ? त्यांचं घर टाळूनच जाते. बाळ त्यांच्याकडंच हाय. लसीला पण आणलं न्हाय त्यांनी माझ्याकडं. एकदा पण न्हाय. म्हणजे बघा की, काय वाटत असंल त्यांना."

संघप्रियाच्या डोळ्यांपुढं त्र्याण्णव सालचा एक दिवस आला. तिच्या हातूनही एक मूल गेलं होतं, जन्मतःच गळ्यात नाळेचे वेढे घेऊन आलेलं. ती दार लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी आक्काताई धापा टाकत आल्या. समजूत घातली नाही. चूक नाही असं म्हणाल्या नाहीत. बादली घेतली, फडकं घेतलं, आणि दोघींनी मिळून ते टेबल, ती फरशी पुन्हा धुतली, आधीच धुतलेली होती तरी. मग म्हणाल्या, "पदर नीट घे. त्यांच्या घरला जायाचं." संघप्रिया नाही नाही म्हणत होती. आक्काताई म्हणाल्या, "शिव्या दिल्या तर खायाच्या. पर जायाचं. आपण न्हाय गेलो तर त्येंचं मूल नुस्तं कागदावर मेलं." त्या घरी कुणी शिव्या दिल्या नव्हत्या. कुणी काहीच बोललं नव्हतं. पण निघताना त्या घरानं तिला पहिल्यांदा पाणी विचारलं होतं.

"वजनकाटा घे," संघप्रिया म्हणाली.

"कशाला?"

"बाळाचं वजन करायला. चल."

वाट वाडीच्या मधून जात होती. निशिगंधा मागं मागं राहत होती. दोनदा म्हणाली, मॅडम, नको. संघप्रिया वळली नाही. वळली असती तर तीही परत फिरली असती. ती आक्काताई नव्हती. तिला काय करायचं माहीत नव्हतं, फक्त कुठं जायचं ते माहीत होतं.

धोंडुबाई परड्यात शेणी थापत होती. तिनं मान वर केली, आधी संघप्रियाकडं बघितलं, मग तिच्या मागं. हात तसेच शेणाचे ठेवून ती उठली.

"आलीस व्हय," ती निशिगंधाला म्हणाली. "इतकं दिस का आली न्हाईस गं?"

संघप्रियानंच विचारलं, "बाळाच्या लसी, मावशी? राहिल्यात सगळ्या?"

"का ऱ्हातील? खालच्या गावात न्हेतो की. तिथली नर्स टोचती."

"एवढ्या लांब? इथं उपकेंद्र असताना?"

धोंडुबाईनं पदरानं तोंड पुसलं, पदराला शेण लागलं. "हिच्या दारात न्हेलं असतं तर हिनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं असतं न्हवं? पोरगी अक्षी आईच्या वळणावर गेलीया. हिला बघवलं नसतं. त्या दिशी जीपमधनं परत आली तवा हिचं हात सुटत नव्हतं, बाबा. पाण्यात धरून सोडवलं आमी. कवळी पोर हाय. म्हणलं, नको हिच्या डोळ्यापुढं." आणि मग आवाज चढवून, जणू भांडायला उठली होती अशी, "पर म्हून तू यायचंच न्हाय? आमी काय मेलोय व्हय सगळी?"

निशिगंधा खाली बसली. शेणीच्या शेजारीच, ओल्या जमिनीवर. रडली ती मोठ्यानं, कोडोलीच्या घरात रडली असती तशी, परडं ओलांडून वाटेपर्यंत ऐकू जाईल अशी. धोंडुबाईनं तिला उठवलं नाही. ती आत गेली, हात धुऊन मूल काखेत घेऊन आली आणि ते तिच्या मांडीवर ठेवलं. मुलगी टपोऱ्या डोळ्यांची होती. तिनं नर्सच्या गळ्यातली ओळखपत्राची दोरी पकडली आणि तोंडात घातली. वजन करायला संघप्रियानं काटा उचलला तर निशिगंधानं तो तिच्या हातून घेतला. झोळी अडकवली, मूल ठेवलं, काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरला, नाक ओढत आकडा वाचला. "चांगलं हाय वजन," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गातला होता.

धोंडुबाईनं चहा केला. तिघी उंबऱ्यात बसून प्याल्या. संघप्रियाला वाटत होतं, झालं. आता ही पोरगी राहील. तिच्या मनात एक जुनं दार उघडत चाललं होतं: आपण येत जाऊ, दर महिन्याला, ही रांधेल, आपण नावं ठेवू. ही कातळवाडी पुन्हा आपली होईल. चहा संपेपर्यंत तिनं पुढची कितीतरी वर्षं मनात लावून टाकली.

फाट्याकडं परतताना ओढ्याच्या काठाशी निशिगंधा थांबली. आता ओढा कोरडा होता, मधे नुसते गोटे. "मॅडम, एक विचारू? तरी पण मला जायचं असलं तर?"

संघप्रियानं वळून विचारलं, "कोडोलीला? घराजवळ?"

"तसंच लिहिलंय अर्जात. दुसरं काय लिहिणार? पण मला शिकायचं हाय. पुण्याचा तो मोठा कोर्स, खात्यातर्फे पाठवतात तो. त्या दिवशी माझे हात काय करत होते ते मला नीट कळायला पाहिजे. आणखी काही करता आलं असतं का, ते पण."

"रस्ता नव्हता, रक्त नव्हतं. मोठ्या डॉक्टरालाही..."

"ते तुम्ही सांगताय. मला माझं कळायला पाहिजे." मग तिनं हळू विचारलं, "मी गेल्यावर इथं कोण?"

राहा, असं म्हणायचा तो क्षण होता. पोरीचं मन आत्ता ओलं होतं. धोंडुबाईचं नाव घेतलं असतं, त्या मुलीचं नाव घेतलं असतं, तर ती राहिली असती. संघप्रियाला ते स्वच्छ दिसत होतं, आणि हेही दिसत होतं, की ते धोंडुबाईसाठी नसतं. ते तिच्या स्वतःसाठी असतं, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीसाठी. प्रसेनजीतचं वाक्य आता टोचलं नाही, नुसतं शेजारी येऊन उभं राहिलं. आणि तिला एकाएकी कळलं, की शहाण्णव साली आक्काताईंनी सही केली तेव्हा त्यांनाही हेच गिळावं लागलं असणार. पोरीला आई पाहिजे, असं म्हणून त्या हसल्या होत्या. त्यानंतर कातळवाडीचा चढ त्या कुणासाठी चढल्या असतील? तेव्हा संघप्रियानं एकदाही मागं वळून बघितलं नव्हतं. गाडी सुटली म्हणून तिला आनंद झाला होता.

"जा," ती म्हणाली. "कोण ते मी बघते. तू जा."

डॉक्टर उदयसिंह भडकले. "समजूत काढायला पाठवलं होतं मी तुम्हाला, आणि तुम्ही जागा मोकळी करून आलात?" संघप्रिया उभी राहून बोलायची त्यांच्यापुढं, त्या दिवशी खुर्ची ओढून बसली. बसून तिनं सांगितलं, की या पोरीला शिकवलं तर खातं तिला गमावणार नाही, नुसतं बदललं तर गमावेल. डोंगरातल्या नर्सांकडं तपासायला जाणारे पुष्कळ आहेत, बसायला जाणारं कुणी नाही, ते काम प्रशिक्षण केंद्रानं आपल्याकडं घ्यावं. आणि कातळवाडीला माणूस मिळेपर्यंत लसीकरणाचा वार ती स्वतः सांभाळेल. "या वयात तुम्ही एसटीनं जाणार, डबा घेऊन?" डॉक्टरांनी विचारलं. मग कोरा कागद पुढं ओढला. शिफारस वर गेली. मंजुरी यायला उन्हाळा लागला.

मेच्या शेवटी एका गुरुवारी, कातळवाडीच्या लसीकरणाच्या वारालाच, सकाळी निशिगंधा पुण्याला निघाली. तिची आई, वडील, कोडोलीची चार माणसं कोल्हापूरच्या स्टँडवर आली होती. भाकरीचं गाठोडं, लोणच्याची बरणी, रडारड. संघप्रिया जरा बाजूला उभी होती. गाडी हलली तेव्हा निशिगंधानं खिडकीतून हात बाहेर काढला, आईचा हात धरला, सोडला, आणि मग पुढं बघायला लागली. तिनं मागं वळून बघितलं नाही. संघप्रियाला ते बघून हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. तिनं डोळे पुसले नाहीत. हातात लसीचा डबा होता.

गगनबावड्याच्या फलाटावर गाडी लागलेली होती. उन्हानं रेक्झिनच्या सीटा तापल्या होत्या. कंडक्टर तिकीट द्यायला आला. "कातळवाडी फाटा? तिथं काय हाय आता बाई? नर्सबी गेली म्हणं तिथली."

"माणसं हायत की," संघप्रिया म्हणाली.

गाडी रंकाळ्याच्या बाजूनं बाहेर पडली. तिला माहीत होतं, चढ चढून गेल्यावर वर कुणी तिची वाट बघत नसेल. कुलूप तिनंच काढायचं, खोली तिनंच झाडायची, दुपारपर्यंत एकेक बाई पोर घेऊन येईल आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. आक्काताई कुठंच नव्हत्या. ती पेटी घेऊन उतरलेली मुलगीही नव्हती. ओढ होती तशीच होती, तिळभरही कमी झालेली नव्हती. फक्त तिला आता एक वार मिळाला होता आणि एक गाडी. पुढच्या खड्ड्याला गाडी उसळली तसा संघप्रियानं लसीचा डबा दोन्ही पायांच्या मधे घट्ट धरला.